पांढरं जाणं, खाज, वास: आधी बघून घ्या, मग औषध घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 29, एक मूल, गेलं वर्षभर अंगावरून पांढरं जातंय, मधेच खाज मधेच वास, मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या की आठ दिवस बरं आणि मग परत तेच. दिवसातून दोनदा इंटिमेट वॉशने धुताय, सासूबाई म्हणतात उष्णता आहे, नवरा विचारतो हे नक्की कुठून आलं, आणि आता एका ठिकाणी सांगितलंय की गर्भपिशवीच्या तोंडाला अल्सर आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो, मूल झालंच आहे तर पिशवी काढून टाका. ह्यातलं शेवटचं आधी घेते कारण घाई फक्त त्याचीच आहे. पिशवी काढायच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. का ते खाली येईलच, बाकीचं सावकाश बोलू.

मी स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते, तालुक्याच्या गावी, आणि ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मॅडम, पांढरं जातंय". ते बायका इतक्या हळू आवाजात सांगतात की बऱ्याचदा आधी कंबरदुखी सांगतात, मग गॅस सांगतात, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर मागे वळून हे सांगतात.

तर पहिली गोष्ट, वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईला थोडंफार पांढरं जातंच. दिवसाला साधारण 1 ते 4 मिली म्हणजे चमचाभराच्या आत. आणि ते रोज एकसारखं नसतं, पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं, मग महिन्याच्या मध्यावर बीज सुटायच्या सुमाराला पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, बोटाला तार सुटेल असं, आणि नंतर परत दाट पांढरं. वाळल्यावर चड्डीवर पिवळसर दिसतं, तेही नॉर्मलच. काळ्या किंवा गडद निळ्या चड्डीचा तेवढ्या भागातला रंग उडून फिकट, तांबूस डाग पडतो ना, बायका तो आणून दाखवतात आणि विचारतात की हे एवढं काय विषारी जातंय. विषारी काही नाही, ते ॲसिड आहे आणि ते असायलाच हवं. इस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनमुळे योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचाच एक साठा) साठतं, लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू त्यावर जगतात आणि लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्यामुळे आतला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 3.8 ते 4.5 एवढा राहतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे हातपाय पसरता येत नाहीत. गरोदरपणात पांढरं वाढतं, कॉपर टी बसवल्यावर बऱ्याच जणींना वाढतं, गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावरही वाढू शकतं. खाज नाही, घाण वास नाही, आग नाही, रंग हिरवा-करडा नाही, तर औषधाची गरज नाही.

मग बिघडलंय हे कधी म्हणायचं? इथेच सगळा घोळ आहे कारण बायकांच्या लेखी (आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांच्याही लेखी) "इन्फेक्शन" हा एकच आजार आहे आणि त्याचं औषध म्हणजे आत ठेवायची ती पांढरी लांबट गोळी. प्रत्यक्षात नेहमी भेटणारे आजार तीन आहेत, तिघांची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला काडीचंही लागू पडत नाही.

एक कँडिडा, म्हणजे बुरशी. ह्यात मुख्य तक्रार खाज, आणि खाज म्हणजे रात्री झोप उडवणारी खाज. पांढरं दह्याच्या गुठळ्यांसारखं, वास जवळजवळ नसतोच, बाहेरची त्वचा लाल, लघवीची धार लागली की झोंबतं. साधारण चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. दुसरा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ह्याला आम्ही बीव्ही म्हणतो. ह्यात खाज फारशी नसते, वास असतो, शिळ्या मासळीचा, आणि तो संबंधानंतर किंवा पाळीच्या वेळी जास्त येतो कारण वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कली बाजूचे. स्राव पातळ, करडट पांढरा. ह्यात बाहेरून एखादा राक्षस येऊन बसलेला नसतो, ते लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि एरवी गप्प बसणारे जंतू माजतात. तिसरा ट्रायकोमोनास, हा एकपेशीय परजीवी, स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, खाज पण आणि वास पण, आणि हा मात्र संबंधातून पसरतो.

आता तुमच्या प्रश्नात "मधेच खाज मधेच वास" असं लिहिलंय आणि औषध मात्र दर वेळी एकच, क्लोट्रिमॅझोलची गोळी. ते बुरशीचं औषध आहे, बीव्हीवर त्याचा काही उपयोग नाही. मग आठ दिवस बरं कसं वाटतं? कधी बीव्ही आपोआप थोडं बसतं, कधी मधे पाळी येऊन जाते आणि चित्र बदलतं, आणि बऱ्याचदा दोन्ही आलटून पालटून चालू असतात, बीव्हीसाठी कोणीतरी अँटिबायोटिक दिलं की त्यानंतर बुरशी डोकं वर काढते. अमेरिकेत एका अभ्यासात दुकानातून स्वतःच्या मनाने बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं, तर साधारण तिघींतल्या एकीलाच खरी फक्त बुरशी निघाली. तिकडे ही गत, तर आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर चार माणसं मागे उभी असताना "ते हे... लेडीज प्रॉब्लेमचं द्या" एवढंच बोलून मिळणाऱ्या औषधाचं काय सांगावं. काउंटरवरून एक तीन औषधांचं पाकीटही मिळतं, फ्लुकोनॅझोल, ॲझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल एकत्र, म्हणजे बुरशी असो जिवाणू असो परजीवी असो, अंधारात तिन्ही दिशांना दगड. एक तर लागतोच कधीतरी, पण उरलेली दोन औषधं विनाकारण पोटात जातात.

दुसरं एक औषध ह्याहून वाईट, ते म्हणजे खाजेचं मिक्स क्रीम, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड तिन्ही असतात. लावलं की दोन दिवसांत खाज गायब, म्हणून घरातला प्रत्येक जण तेच वापरतो, नवऱ्याच्या जांघेतल्या गजकर्णाला तेच आणि बायकोलाही तेच. स्टिरॉइडने खाज दबते, बुरशी मरत नाही, उलट पसरते, आणि महिनोन् महिने लावलं तर तिथली नाजूक कातडी पातळ होऊन चरचर भाजायला लागते. मग ती बाई येते तेव्हा मूळ आजार कुठला आणि क्रीमचा पराक्रम कुठला ते ओळखणं आम्हालाही जड जातं. घरात तशी ट्यूब असेल तर आजपासून लावू नका, पण महिनोन् महिने रोज लावत असाल तर एकदम बंद केल्यावर आग भडकते, तेव्हा ट्यूब डॉक्टरांना दाखवून बंद करा.

आता धुण्याबद्दल. दिवसातून दोनदा वॉश, आणि मला अनुभवाने माहितीये की तुम्ही लिहिलं नसलं तरी हँडशॉवरची धार आतपर्यंत मारली जात असणार, कारण वास येतो म्हटल्यावर माणूस तेच करणार. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. तोंडात लाळ जशी आपलं काम करत असते तसाच तो स्राव आतली साफसफाई करत असतो. आतून धुणाऱ्या बायकांमध्ये बीव्ही जास्त दिसतं हे बऱ्याच अभ्यासांत आलंय, म्हणजे वास येतो म्हणून धुवायचं आणि धुतल्यामुळे परत वास, हे चक्र. साबणाचा पीएच 9-10 असतो, म्हणजे आतल्या आंबटपणाच्या अगदी उलट, अँटिसेप्टिक लिक्विड झाकणभर टाकलेल्या टबात बसलं तर चांगले-वाईट सगळेच जंतू मरतात आणि कातडीला ॲलर्जी येते ती वेगळीच. तुरटीच्या पाण्याने बसणं, लिंबू, बेकिंग सोडा, लसणाची पाकळी, दह्यात बुडवलेला कापूस आत ठेवणं, हे सगळं मी पाहिलंय, आणि तो कापूस नंतर चिमट्याने काढलाय. दही खा, खुशाल खा, पण दह्यातले जिवाणू आणि योनीमार्गातले जिवाणू एका कुळातले असले तरी एक नव्हेत, आत दही ठेवून ते तिथे वस्तीला राहत नाहीत. इंटिमेट वॉश बाहेरून वापरला तर बहुतेकींना नुकसान होत नाही, फायदाही विशेष नाही, सुगंधी असेल तर नकोच. बाहेरून साधं पाणी, पुढून मागे पुसणं, सुती चड्डी, ओली राहिली तर बदलणं, पाळीत पॅड चार-सहा तासांनी बदलणं, संपलं. रोज पँटी लायनर लावून बसू नका, दमटपणा वाढतो. तिथले केस काढायची आरोग्यासाठी गरज नाही, खुपत असतील तर कात्रीने कमी करा, रेझरने बारीक जखमा होतात आणि फोड येतात. आणि तिथली कातडी बाकीच्या अंगापेक्षा सावळी असते, ती गोरी करायची क्रीमं विकणाऱ्यांना माझ्यातर्फे लांबूनच नमस्कार.

सासूबाईंची उष्णता. त्यांच्याशी भांडू नका, सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी पिऊन कोणाचं वाईट झालेलं नाही, उन्हाळ्यात पाणी पोटात जातं हे बरंच आहे. पण पपई, अंडं, आंबा खाल्ल्याने पांढरं जात नाही. तसंच "पांढरं जातं म्हणून कंबर दुखते, हाडं झिजतात, अशक्तपणा येतो" ह्याचाही उलगडा करते. त्या स्रावातून हाडाचं काहीही जात नाही. अशक्तपणा आणि कंबरदुखी खरीच असते, पण तिचं कारण बहुतेक वेळा रक्त कमी असणं, झोप कमी, कामाचा बोजा, आणि मनावरचा ताण हे असतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की पांढरं जाण्याची तक्रार आणि तपासणीत सापडलेलं इन्फेक्शन ह्यांचा संबंध कमजोर आहे, आणि मनाचा त्रास, घरातल्या अडचणी ह्यांच्याशी संबंध बराच घट्ट. ह्याचा अर्थ बाई नाटक करते असा अजिबात नाही. ज्या घरात "मला सहन होत नाही" म्हणायची सोय नाही तिथे "पांढरं जातंय" म्हटलं तर निदान कोणी दवाखान्यात नेतं. त्यामुळे अशा बाईला मी हिमोग्लोबिन करायला सांगते आणि घरी कसं चाललंय तेही विचारते.

पण म्हणून उलट टोकालाही जायचं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, तो अभ्यास 1989 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक ना एक आजार होता, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. म्हणजे एकीकडे तक्रार असून इन्फेक्शन नाही, दुसरीकडे आजार असून कोणी बघितलेलंच नाही. दोन्हीकडे उपाय एकच, बघणं. आणि बघायला काही मोठी यंत्रं लागत नाहीत. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन) लावून स्राव कसा आहे ते पाहायचं, पीएचची पट्टी लावायची (बुरशीत पीएच सहसा नॉर्मलच राहतो, बीव्ही आणि ट्रायकोमोनासमध्ये 4.5 च्या वर जातो), एक थेंब काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की बीव्हीत मासळीचा भपकारा येतो, आणि तीच स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की बुरशीचे धागे, आणि सलाइनच्या थेंबात केलेल्या दुसऱ्या स्लाइडवर पळणारा ट्रायकोमोनास दिसू शकतो. पाच मिनिटांचं काम. जिथे मायक्रोस्कोप नाही तिथे सरकारी दवाखान्यातलं सुरक्षा क्लिनिक आहे, तिथे लक्षणांवरून ठरवून हिरवी किट फुकट देतात, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं, काहीच न बघता मेडिकलमधून आणण्यापेक्षा ते केव्हाही बरं कारण तिथे कोणीतरी विचारपूस करून देतं. लग्न न झालेल्या मुलींना पण सांगते, बुरशी संबंधांशिवायही होते, आणि स्पेक्युलम न लावता नुसत्या कापसाच्या काडीने स्राव घेता येतो, त्या भीतीने घरी बसू नका.

नवऱ्याच्या शंकेचं उत्तर निदानावर आहे. बुरशी हा लैंगिक आजार धरत नाहीत, त्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधही नको. ट्रायकोमोनास असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचंच, पण तो महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो त्यामुळे तो कधी आला आणि कोणाकडून आला हे स्लाइड बघून कोणीही सांगू शकत नाही, घरात कोर्ट भरवू नका. बीव्हीबद्दल आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की नवऱ्याला औषधाची गरज नाही. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, त्यात एकच जोडीदार असलेल्या बायकांच्या जोडीदारांनाही सात दिवस मेट्रोनिडॅझोल गोळ्या आणि लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं, तर 12 आठवड्यांत बीव्ही परत होण्याचं प्रमाण 35 टक्के राहिलं, आणि फक्त बाईला औषध दिलं तिथे 63 टक्के. त्यामुळे तुमचं बीव्हीच निघालं आणि परत परत होत असेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. नवऱ्याला नेऊन बसवणं हे त्याहून अवघड काम आहे ह्याची मला कल्पना आहे.

परत परत बुरशी होत असेल, म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा, तर साखर तपासा. डायबेटिस असलेल्यांना एक खास सूचना, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्या साखरेवर बुरशी मस्त वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका, शुगरच्या डॉक्टरांना सांगा, त्यांनी आधी विचारलेलं नसतं आणि तुम्ही लाजून सांगितलेलं नसतं. साखर नॉर्मल असूनही होत असेल तर कल्चर करून, म्हणजे स्रावातली बुरशी लॅबमध्ये वाढवून, तिची जात बघतात कारण काही जाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत, आणि नेहमीची जात असेल तर आठवड्याला एक गोळी सहा महिने असा कोर्स असतो. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर फ्लुकोनॅझोल तोंडाने घ्यायचं नाही, आत ठेवायची क्लोट्रिमॅझोल चालते.

ती गोळी ठेवायची पण पद्धत आहे. रात्री झोपताना, हात धुऊन, पाठीवर पडून गुडघे दुमडून किंवा एक पाय स्टुलावर ठेवून, बोट जाईल तितकं आत. दाराशी ठेवली तर रात्रभरात बाहेर येते. सकाळी चड्डीवर पांढरा चुरा दिसतो तो गोळीचा असतो, "मॅडम गोळीने जास्तच जायला लागलं" म्हणून पहिल्याच दिवशी बंद करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. पाळी चालू असताना ठेवू नका, वाहून जाते. बीव्हीची मेट्रोनिडॅझोल साधारण सात दिवस असते, तोंडाला पत्र्यासारखी चव येते, मळमळतं, तरी कोर्स पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून सोडलेला कोर्स हे परत येण्याचं एक कारण आहे. आणि पूर्ण केला तरी निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात बीव्ही परत होतं, तो तुमच्या स्वच्छतेचा दोष नाही.

आता तो अल्सर. तरुण वयात, बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्या घेताना पिशवीच्या तोंडावर आतल्या बाजूचं लालसर अस्तर बाहेर आलेलं दिसतं. लाल दिसतं म्हणून त्याला जखम, अल्सर काय वाटेल ते म्हणतात. बहुतेक वेळा ती जखम नसते, कॅन्सरही नसतो आणि कॅन्सरची पहिली पायरीही नसते. खात्री करायची तर पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही (ह्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू) टेस्ट करा. सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांपासून दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी असते, तुम्हाला पुढच्या वर्षी तसंही ते करायचंच आहे. त्यात काही निघालं तरी सुरुवातीच्या टप्प्यात तेवढा भाग गोठवून किंवा जाळून काम होतं. आणि पांढरं जातं म्हणून पिशवी काढणं हा तर हिशोबच चुकीचा, कारण ह्या तिन्ही आजारांचं घर योनीमार्ग आहे, पिशवी काढली तरी तो तिथेच राहतो. बीड जिल्ह्यातलं 2019 चं प्रकरण आठवत असेल, 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, ओटीत दुखतं एवढ्यावर, कॅन्सरची भीती घालून, पंचविशी-तिशीत ऑपरेशन झालेल्या बायका त्यात होत्या. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास त्या वयात सुरू होतात आणि हाडं खरंच ठिसूळ होतात. म्हणजे जी हाडं पांढऱ्याने झिजत नव्हती ती ऑपरेशनने झिजली.

घरात आई किंवा सासूबाईंना पाळी गेल्यानंतर खाज, आग असेल तर तुमची गोळी त्यांना देऊ नका. त्या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडेपणा येतो, डायबेटिस नसेल तर बुरशी कमीच, त्यांना वेगळं क्रीम लागतं. बाहेर पांढरे चट्टे आणि खाज असेल तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असू शकतो, तो दाखवायलाच हवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी लगेच. लहान मुलगी रात्री खाजवत असेल तर बहुधा जंत.

तुमच्यासाठी आता करायचं ते एवढंच: ताप, ओटीपोटात जोराचं दुखणं, संबंधानंतर रक्त असं काही असेल तर आजच जा. नसेल तर पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आधी दोन-तीन दिवस आत काही ठेवू नका, संबंध नकोत, आणि त्या दिवशी सकाळी धुऊन-पुसून चकाचक होऊन येऊ नका, आम्हाला तोच स्राव बघायचा असतो. स्लाइड करणार का, पीएच बघणार का, हे तोंडाने विचारा, विचारल्याने कोणी रागावलं तर तिसरे डॉक्टर आहेत. वर्षभरात घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा आणि ट्यूब पिशवीत घालून न्या, कारण "ती पांढरी गोळी" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही, सगळ्याच पांढऱ्या असतात.